मैफल, मैदान आणि मतदार यादी

चिकपेटमध्ये मराठी ऐकायची असेल तर रेशमी साड्यांची झगझगीत दुकानं मागे टाकून नगरथपेटेच्या अंगाने आतल्या बोळांत शिरावं लागतं. तिथे अरुंद जिन्यांच्या शेवटी, वरच्या मजल्यांवर, सोनं-चांदी गाळणाऱ्या भट्ट्या आहेत. भट्टीसमोरचा माणूस बऱ्याचदा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी नाहीतर तासगाव तालुक्यातला निघतो. गलाईवाले म्हणतात त्यांना. घाटमाथ्यावर पाऊस पडेना म्हणून ही माणसं मूस आणि चिमटा घेऊन देशभरच्या सराफकट्ट्यांत पांगली.

अशाच एका भट्टीवर नोव्हेंबर 2025 मध्ये, भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला त्या आठवड्यात, मी संध्याकाळभर बसलो होतो. मामा 1972 च्या दुष्काळानंतर पोरसवदा वयात इथे आले आणि इथलेच झाले. भाची इथेच जन्मली, कन्नड शाळेत शिकली, जवळच्या दिवाणी न्यायालयात वकिली करते आणि कोर्ट सुटलं की मामांच्या भट्टीवर बाय-टू कॉफीला येते. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही आणि एकमेकांशी पटत नाही. मी मध्ये फार बोललो नाही. मात्र कोणाचं पटलं हे सांगायचा हक्क राखून ठेवला आहे.

मोबाइलवर भीमसेन जोशी लागले होते. लक्ष्मीला घरी बोलावणारं पुरंदरदासांचं कन्नड पद. शुक्रवारी पेठेतल्या सराफांकडे हे लागणारच. पुरंदरदास स्वतः आधी जवाहिरे होते आणि सगळी दौलत वाटून घराबाहेर पडले, अशी कथा आहे. ती सराफांना गैरसोयीची वाटत नाही, ही मौज.

मामा : ऐकताय न्हवं? गदगकडचा माणूस, राहिला पुण्यात, पदं गायला कन्नडात, अभंग गायला मराठीत. कुणी विचारलं का, बाबा तू कुणाचा? गाणं, खेळ, सिनेमा. या तिन्हींत राजकारण आणू नये, एवढंच माझं म्हणणं हाय.

भाची : मामा, तुम्ही गाणं ऐकता ते मैफलीतून. मैफलीच्या आधी काय होतं ते बघतच नाही. गंगूबाई हनगल घ्या.

मामा : व्हय की. भीमसेनचा तोच हिचा गुरू, सवाई गंधर्व. कुंदगोळचे.

भाची : 1924 साली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते. गंगूबाई अकरा वर्षांच्या. बाकीच्या मुलींबरोबर स्वागतगीत म्हणायला उभ्या होत्या आणि मनात धास्ती कसली? जेवणं झाल्यावर उष्टी पानं आपल्यालाच उचलायला लावतील, ही. कारण आपली जात. हे त्यांनी स्वतः पुढे सांगितलंय. आता या गाण्यातून राजकारण बाजूला काढून दाखवा मला.

मामा : पण त्या गायल्याच की नाही? भाषण करत बसल्या न्हाईत. त्या जातीवर उत्तर म्हणून त्यांचा आवाज पुरला. मला त्याच्यातूनच बळ आलं बघ. आम्ही पोरं इथं आलो तवा पेठेत आम्हाला खोली द्यायला लोक कचरायचे, ॲसिडच्या वासाची माणसं म्हणून. दिवसभर धुरात बसायचं आणि रामनवमीच्या महिन्यात रात्री चालत फोर्ट हायस्कूलला जायचं.

इथे मामांचा चेहराच बदलला. चामराजपेटेतल्या श्रीरामसेवा मंडळीचा रामनवमी संगीतोत्सव 1939 पासून चालत आला आहे. फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर मांडव पडतो, कर्नाटकी गायक-वादकांबरोबर उत्तरेकडचेही गवई येतात, भीमसेनही तिथे गायले. चिकपेटमधून मार्केट ओलांडलं की पायी जायचं अंतर. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नसत ते मांडवाबाहेर रस्त्यावर उभे राहून कर्ण्यावरून ऐकत. मामा त्यांतले.

मामा : शेजारी कोण उभा हाय ते कळायचं न्हाई. कुणी फुलवाला, कुणी हमाल, कुणी शाळामास्तर. सायकल भिंतीला टेकवून तासन्‌तास उभं राहायचं. तान जाग्यावर आली की सगळ्यांच्या तोंडातून एकदम ‘आहाहा’. मला कन्नड तिथंच आलं म्हण. गर्दी तीबी होती. पण कुणी कुणाच्या पायावर पाय दिला न्हाई. नायतर ती जून महिन्यातली गर्दी.

भाची गप्प झाली. तिच्या ओळखीतली मुलं त्या दिवशी तिकडे गेली होती. 3 जून 2025 ला अहमदाबादेत रॉयल चॅलेंजर्स बंगळुरूने अठराव्या हंगामात पहिल्यांदा आयपीएल जिंकली. दुसऱ्याच दिवशी विधान सौधाच्या पायऱ्यांवर सरकारी सत्कार आणि तिथून चिन्नास्वामी मैदानावर जल्लोष ठरला. मैदानात माणसं मावतात सुमारे 35,000. आले दोन-तीन लाख, असं मुख्यमंत्रीच नंतर म्हणाले. फाटकांशी चेंगराचेंगरी होऊन 11 जण गेले, बहुतेक तरुण, आणि आतला कार्यक्रम चालू राहिला.

मामा : बघितलंस? गाण्याची माणसं ऐकायला येत्यात. ही माणसं दिसायला आली होती. मोबाइल वर धरून. इतकी वर्सं सोन्याचा टंच काढतोय, मला विचार. गर्दीतबी खोट असती.

भाची : नाही मामा. हे मी ऐकून घेणार नाही. मेलेल्यांना तुम्ही खोट म्हणू नका.

मामा : तसं न्हवं गं.

भाची : तसंच होतं ते. ती पोरं अठरा वर्षं हरत्या संघामागे उभी होती. तुम्ही रस्त्यावर उभे राहत होता ना, तशीच. दर वर्षी हसं व्हायचं, तरी दर वर्षी तोच लाल शर्ट. प्रेरणा म्हणतात ती याहून वेगळी काय असते? फरक माणसांत नव्हता, मांडव घालणाऱ्यांत होता. फोर्ट हायस्कूलला कोणीतरी आधी महिनाभर राबायचं. तिकीट कुठे, बायकांनी बसायचं कुठे, कर्णा कुठे लावायचा, रस्ता कुठून मोकळा ठेवायचा. चिन्नास्वामीवर हे कोणी केलं? रात्री सामना संपला, दुपारी सत्कार. क्लबने समाजमाध्यमांवर या म्हणून सांगितलं, मंत्र्यांना कपाबरोबर फोटो हवा होता. मग एकानं दुसऱ्यावर ढकललं. सरकारच्या अहवालात क्लबवर ठपका. पोलिस आयुक्त निलंबित, आणि पुढे ते निलंबनही मागे. तुमच्या रामनवमीच्या गर्दीत जी शिस्त होती ना, ती गाण्यामुळे आली नव्हती. कुणीतरी आणली होती.

मामा : आणि मंत्री त्या पायऱ्यांवर गेले नसते तर? मी तेच म्हणतोय की. राजकारण आलं आणि माणसं मेली.

भाची : फोटोचं राजकारण आलं. व्यवस्थेचं राजकारण आलं नाही. दोन्हींना तुम्ही एकाच नावाने हाक मारता आणि दोन्हींकडे पाठ फिरवता.

तेवढ्यात एका सराफाकडचा पोऱ्या मोडीचं सोनं घेऊन आला. तोळ्याचा भाव सव्वा लाखाच्या आसपास गेलेला, त्यामुळे मोड जोरात होती. मामांनी पुडी उलगडली. दोन तुटक्या बांगड्या, एक चपटी झालेली साखळी, एका कानातलं. वजन करून पोऱ्याला दाखवलं, वहीत लिहिलं, मग सगळं मुशीत टाकलं. वरून चिमूटभर सवागी. ज्योत लावली तशी बांगडीची कडा आधी काळवंडली, मग लाल झाली, मग तिचा आकारच राहिला नाही. मळ वर आला तो सळईने बाजूला घेतला. खाली सोनं थरथरत होतं. सोनं वितळायला हजार अंशांवर उष्णता लागते, पण मामांच्या भट्टीवर तापमापक नाही. रसाचा रंग बघून चिमट्याने मूस उचलली आणि तेल लावलेल्या साच्यात धार सोडली. भस्सकन धूर झाला. लगड पाण्यात पडली तेव्हा ‘चर्र’ झालं. या सगळ्या वेळात भाचीही बोलली नाही. मामांशी कितीही वाद असला तरी हातात मूस असताना बोलायचं नाही, हा या घरचा नियम दिसतो.

पोऱ्या गेल्यावर विषय सांगलीकडे वळला, कारण मामांना तो वळवायचाच होता.

मामा : आता माझं ऐक. माधवनगरची पोर. आपल्या सांगलीची. स्मृती मानधना. हिच्या हाताखाली बंगळुरूच्या पोरींनी 2024 लाच कप आणला होता, बाप्यांच्या आधी. तवा कुणी मेलं न्हाई, कुणी मिरवलं न्हाई. आता विश्वचषक. रविवारी रात्री आख्खी गल्ली जागी होती. मारवाडी, आपली, कन्नड, सगळी. हिला बघून आमच्या वाडीत पोरी बॅट मागाय लागल्या. यात राजकारण कुठं हाय सांग.

भाची : सांगते. या विश्वचषकाचे सामने बंगळुरूलाही ठरले होते. चिन्नास्वामीवर. जूनच्या प्रकारानंतर ते काढून घेतले, बंगळुरूच्या जागी नवी मुंबई आली. सांगलीची मुलगी आपल्या गावात भारताच्या कपड्यांत खेळताना तुम्हाला दिसली असती. तुम्ही टीव्हीवर बघितली. का? कारण एक जल्लोष कोणाला धड भरवता आला नाही.

मामा : (जरा वेळाने) हे मला कुणी सांगितलं न्हवतं.

भाची : छापून आलं होतं. तुम्ही खेळाचं पान वाचता आणि पहिलं पान पोऱ्याला भट्टी पुसायला देता.

सिनेमाचा विषय निघाला की या पेठेतला कुठलाही मराठी माणूस रजनीकांतवर येतो. शिवाजीराव गायकवाड, जन्म 12 डिसेंबर 1950, बंगळुरू, घरची भाषा मराठी, बंगळुरूच्या बसमध्ये कंडक्टर. मामांना त्याचे चित्रपट फारसे आवडत नाहीत, हे त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं. माणूस आवडतो. 2021 मध्ये फाळके पुरस्कार घेताना त्याने गुरू के. बालचंदर आणि थोरल्या भावाबरोबर आपल्या जुन्या बसच्या ड्रायव्हरचं, राज बहादूर यांचं नाव घेतलं, त्यावर मामा खूश.

मामा : आणि राजकारणात येतो येतो म्हणाला आणि आला न्हाई. शहाणा.

भाची : 2017 च्या शेवटच्या दिवशी जाहीर केलं, 2020 च्या शेवटी प्रकृतीचं कारण देऊन माघार. ते राहू दे. 2008 आठवा. होगेनक्कलच्या पाण्यावर तो तमिळनाडूच्या बाजूने बोलला आणि त्याचा सिनेमा कर्नाटकात लागेना. शेवटी दिलगिरी व्यक्त केली तेव्हा पडद्यावर आला. मराठी घरातला, बंगळुरूच्या बसचा कंडक्टर, तमिळ लोकांचा देव, आणि त्यालासुद्धा विचारलंच की तू कुणाचा. भीमसेनना कोणी विचारलं नाही म्हणता, ते त्यांचं नशीब. पाण्यावर बोलले असते तर विचारलं असतं.

मामा : म्हणूनच म्हणतो, बोलू नये.

भाची : आणि जो बोलतच नाही त्याला सोडतात का? या फेब्रुवारीत बेळगावजवळ एका कंडक्टरला मराठीत बोलला नाही म्हणून मारलं. त्याच्या बदल्यात चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं. दोघेही नोकरीवर होते. दोघांनीही भाषण केलं नव्हतं. तुमची गावची गाडी बंद झाली होती तेव्हा.

मामा : तवा तुला कुणाचं वाईट वाटलं? खरं सांग. आपल्या ड्रायव्हरचं?

भाची : आधी कंडक्टरचं. मार पहिला त्याने खाल्ला.

मामांना हे आवडलं की खटकलं, कळलं नाही. त्यांनी कॉफीचा अर्धा पेला तिच्याकडे सरकवला. माझ्या मनात मात्र नोव्हेंबर 2020 आलं. कर्नाटक सरकारने मराठा विकास महामंडळ जाहीर केलं, 50 कोटी दिले आणि 5 डिसेंबरला त्याच्याविरुद्ध बंदची हाक आली. या गल्लीतल्या कोणी ते महामंडळ मागायला मोर्चा काढलेला मला ठाऊक नाही. पण बंदच्या दिवशी अर्ध्यावर ओढलेलं शटर त्यांचंच होतं, असं मामा पूर्वी एकदा म्हणाले होते. शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली ती 1638 नंतर, आणि त्यांचा गौरीमहाल याच चिकपेटच्या परिसरात होता असं सांगतात. एवढ्या जुन्या वहिवाटीवरही शटर अर्धं ओढावं लागतं.

मामा : तुझं सगळं मान्य. पण मला द्रविड आवडतो, आणि मरेपर्यंत आवडणार. 2001 ला कोलकात्यात लक्ष्मणचे 281 सगळे सांगत्यात, दुसऱ्या टोकाचे 180 कुणी सांगत न्हाई. मराठी घरातला, बंगळुरूत वाढलेला, तोंड उघडून एक वावगा शब्द न्हाई. मी भट्टीवर बसतो ना, तवा माझ्या डोळ्यांपुढं तो असतो. दिवसभर एकच काम, कंटाळा न करता.

भाची : मलाही आवडतो. म्हणूनच त्याची एक गोष्ट सांगते. कर्नाटकात मतदानाला चला म्हणून निवडणूक आयोगाने त्याचे फोटो लावले होते. 2019 ची लोकसभा आली आणि त्यालाच मत देता आलं नाही! घर बदललं, जुन्या यादीतून नाव काढलं, नव्या यादीत मुदतीत घातलं नाही.

मामा : (हसत) द्रविड रनआऊट.

भाची : हसा. 2024 ला रांगेत उभा राहून मत देऊन आला. आता तुम्ही सांगा, तुमचं नाव कुठल्या यादीत आहे?

मामांचं नाव खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावच्या यादीत आहे, हे तिला अर्थातच माहीत होतं. वकिलांना उत्तर ठाऊक असलेलेच प्रश्न विचारायला शिकवतात. गलाईवाल्यांपैकी पुष्कळांचं असंच असतं. गावाकडे निवडणूक लागली की फोन येतात, गाड्यांची सोय होते, बंगळुरू-चेन्नईची मंडळी निघून मतदानाच्या सकाळी बूथवर हजर.

मामा : मग? तिथं माझं मत चालतं. आमच्या रानात पाणी न्हवतं म्हणून मी इथं आलो. टेंभू योजनेचं पाणी कृष्णेतून उचलून उचलून घाटमाथ्यावर आलं ते काय गाणी ऐकून आलं? त्याच्यामागं माणसं पळाली, आमदार भांडले. आमचे आमदार अनिलभाऊ बाबर गेले 2024 च्या जानेवारीत, तवा मी इथनं गेलो होतो मातीला. माझ्या शेतात आज द्राक्ष हाय. तू मला राजकारण शिकवू नको.

आता भाची हसली. मीही. कारण ‘तिन्हींत राजकारण आणू नये’ म्हणणारा हाच माणूस पाण्यासाठी रातोरात सुमारे चारशे मैलांचा प्रवास करून मत देऊन येतो. राजकारणाचं त्याला वावडं नाही. त्याला इथल्या राजकारणाची भीती आहे, आणि ती भीती त्याने संगीताच्या नावावर जमा केली आहे.

भाची : गावात तुम्ही नागरिक आणि इथे श्रोते, असं किती दिवस चालणार? सुम्ने, सहज विचारते. ही भट्टी इथे, हा धूर इथे, कर इथे भरता. तुम्ही आलात तेव्हा सुवर्णनियंत्रण होतं ना?

मामा : होतं की. इन्स्पेक्टर आला की मूस लपवायची. 63 साली मोरारजींनी सुरू केलं, 90 ला उठलं. त्या कायद्यात किती सोनार देशोधडीला लागले.

भाची : मग तो कायदा कोणी केला आणि कोणी उठवला? या जिन्यावर आग लागली तर बंब या बोळात येत नाही. ते कोणाला सांगायचं? महापालिकेची मुदत सप्टेंबर 2020 ला संपली. आता एकाच्या पाच महापालिका केल्या, पण निवडून आलेला नगरसेवक पाचांत एकही नाही. मत मागायलाच कोणी येत नाही, तर ते देणारे आपण कोण, हे तरी यादीत असू दे.

यावर मामांनी दिलेलं उत्तर मला विचार करायला लावणारं वाटलं. ते म्हणाले, “यादीत नाव घालीन. पण उद्या ते म्हणतील, मत देतोस तर आमच्या मोर्चात ये, आमच्या भाषेचा झेंडा धर, अमक्याचा सिनेमा बंद पाड. फोर्ट हायस्कूलच्या रस्त्यावर मला कुणी झेंडा धरायला लावला न्हवता. तेवढी एक जागा मला मोकळी पाहिजे.”

भाचीने या मागणीला उत्तर दिलं नाही. कोर्टात ती ‘नो इन्स्ट्रक्शन्स’, म्हणजे अशिलाकडून सूचना नाहीत, असं म्हणाली असती. माझ्या मते मामांच्या सगळ्या बोलण्यातली ही एकच गोष्ट खोडता येत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात दुबईत आशिया चषक जिंकून आपल्या खेळाडूंनी तो स्वीकारलाच नाही आणि पाकिस्तानी खेळाडूंशी हातही मिळवला नाही, तेव्हा टीव्हीसमोर बसलेल्या प्रत्येकाकडून बाजूची मागणी झालीच होती. ऐकणाऱ्याला, बघणाऱ्याला निव्वळ ऐकू-बघू देणारी जागा कमी होत चालली आहे. मामा ती जागा राखू पाहतात, गप्प राहून. भाचीचं म्हणणं, ती गप्प राहून राखली जात नाही. मला भाचीचं पटतं. 1939 पासून कोणीतरी मांडव घालत आलं म्हणून मामांना रस्त्यावर उभं राहता आलं. मांडव घालणाऱ्यांत आपणही असलं पाहिजे, निदान आपल्या गल्लीपुरतं.

तेव्हा हे वाचणाऱ्या परगावच्या मराठी माणसांना, मग तुम्ही चिकपेटला असा, चेन्नईच्या सौकारपेटेत असा की हैदराबादच्या सराफ्यात, एक विनंती. राहण्याची जागा बदलली असेल तर मतदार यादीतला पत्ता बदलायला फॉर्म 8 लागतो, तो ऑनलाइनही भरता येतो. गावची यादी सोडायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावं, कारण नाव एकाच यादीत ठेवता येतं आणि टेंभूचं पाणीही खोटं नाही. पण ठरवा. द्रविडसारखं मतदानाच्या दिवशी कळायला नको.